वहीबाहेरच्या बायका

गेल्या वर्षी तूर बाजारात यायच्या दिवसांत अक्काच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसला. दुधनीचा पेशंट एक तर सोलापूर गाठतो, नाही तर कलबुर्गी. आम्ही सोलापूर गाठलं. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या वर्षभर चुकवायच्या नाहीत, एवढं सांगून तिला घरी पाठवलं. चौथ्या महिन्यात बांगड्या भरताना कासाराच्याच लक्षात आलं, हात दाबला की काळानिळा डाग उठतो. हिरड्यांतूनही रक्त येत होतं. अक्कानं कुणाला न विचारता एक गोळी बंद केली. मला कळलं तेव्हा तीन आठवडे उलटले होते. मी रागावलो, तर म्हणाली, “बाईच्या अंगातलं रक्त जायचंच. ते काय गावभर सांगत बसू?”

मी डॉक्टर नाही. आडत दुकानाची वही लिहिता लिहिता इतिहासाचा नाद लागलेला माणूस. पण ही गोळी कुणाच्या अंगावर तोलून ठरवली, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. म्हणून शोधत गेलो.

सुरुवात कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलच्या डॉ. लॉरेन्स क्रेव्हन यांच्यापासून होते. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर ॲस्पिरिनचं च्युइंगम चघळणाऱ्यांना जास्त रक्तस्राव होतो, हे त्यांनी पाहिलं. त्याच गुणानं हृदयातली गुठळी टळेल, असं त्यांना वाटलं. १९५० मध्ये त्यांनी चारशे जणांचा अनुभव छापला. सगळे पुरुष. १९७८ च्या कॅनडातल्या पक्षाघाताच्या चाचणीत ५८५ रुग्ण होते, त्यांत स्त्रिया एक-तृतीयांशाहून कमी. फायदा पुरुषांतच दिसला. त्या आधारावर १९८० मध्ये अमेरिकेनं या कामासाठी ॲस्पिरिन मंजूर केलं ते पुरुषांपुरतं. स्त्रियांसाठी मंजुरी मिळायला १९९८ उजाडलं. १९८९ मध्ये गाजलेल्या चाचणीत २२,०७१ डॉक्टर होते, एकही स्त्री नव्हती. हृदयविकाराचे झटके ४४ टक्क्यांनी घटले. पुढे ३९,८७६ स्त्रियांची दहा वर्षांची चाचणी २००५ मध्ये छापून आली, तेव्हा त्यांच्यात झटके एकंदरीत घटलेले दिसले नाहीत. पक्षाघात मात्र १७ टक्क्यांनी घटला होता. मात्रा वेगळी होती, त्यामुळे दोन्ही आकडे सरळ शेजारी मांडता येत नाहीत. पण पुरुषांचा हिशेब बायकांच्या खाती जसाच्या तसा ओढता येत नाही, एवढं त्यातून कळतं.

स्टेंटचा इतिहास १९८६ चा, फ्रान्समधल्या तुलूझचा. सुरुवातीला धातूच्या त्या जाळीतच गुठळी व्हायची. १९९६ मध्ये म्युनिकच्या चाचणीनं दोन गोळ्यांची जोडी सरस ठरवली आणि तीच रीत पडली. पुढे अधिक जोरकस गोळ्या आल्या. प्रासुग्रेलच्या २००७ च्या चाचणीत स्त्रिया २६ टक्के, टिकाग्रेलॉरच्या २००९ च्या चाचणीत २८ टक्के. म्हणजे चार जणांत जेमतेम एक.

मूत्रपिंडाचं काम मोजून औषधाची मात्रा ठरवण्याचं एक जुनं सूत्र आहे, १९७६ चं. मॉन्ट्रियलच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातले २४९ पुरुष हा त्याचा पाया. स्त्रियांसाठी उत्तरातून १५ टक्के वजा करा, असं त्यात सुचवलं आहे. हे मोजमाप नव्हतं, अंदाज होता. मात्रा चुकली की काय होतं, तेही नोंदलेलं आहे. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या २००६ च्या एका अभ्यासात शिरेतून देण्याचं गुठळीविरोधी औषध घेतलेल्या ४६ टक्के स्त्रियांना ते प्रमाणाबाहेर मिळालं होतं. पुरुषांत हाच आकडा १७ टक्के होता.

मग दोष बाईपणाचा का? २०१९ मध्ये छापून आलेल्या ट्वायलाइट चाचणीत भारतातलेही रुग्ण होते. तिच्यातही स्त्रियांना रक्तस्राव जास्त झाला. पण वय, रक्तक्षय, मूत्रपिंड यांचा हिशेब धरल्यावर फरक बराचसा विरला. तीन महिन्यांनंतर ॲस्पिरिन थांबवून एकट्या टिकाग्रेलॉरवर ठेवल्याचा फायदा दोघांनाही झाला. म्हणजे जे मोजता येतं, तेच मोजायचं राहून जातं. आणि आपल्याकडे ते राहून चालणारच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर स्टेंटनंतर रक्तस्रावाचा मोठा धोका धरावा, असं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरवलं.

अक्काचं हिमोग्लोबिन १० च्याही खाली निघालं. दुसऱ्या डॉक्टरांनी वजन केलं, क्रिएटिनिन तपासलं, गोळ्यांची जोडी बदलली आणि तिला बजावलं, “डाग दिसला तर मला सांगा. आपल्या मनानं गोळी सोडलीत तर स्टेंट बंद पडेल.” डाग दिसेल, हेच तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

आता तिच्यासाठी मी एक वही घातली आहे. तीन रकाने आखले: वजन, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन. चौथा तिनं स्वतः मागून घेतला: डाग.