व्यायामशाळेचा संकोच

व्यायामशाळेत किंवा जीममध्ये पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला वाटणारी लाज, धास्ती आणि अवघडलेपण. ‘सगळे बघतील’, ‘मला यातले काहीच येत नाही’, ‘आधी थोडे वजन कमी करतो, मग जीम लावतो’ अशा वाक्यांतून तो बोलून दाखवला जातो. आपले शरीर इतरांच्या नजरेस पडण्याची लाज, साधने आणि रीतभात ठाऊक नसल्याने येणारा कमीपणा आणि इजा होण्याची धास्ती या तिन्ही गोष्टी त्यात मिसळलेल्या असतात. यांपैकी पहिलीचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत हार्ट, लिअरी आणि रेजेस्की यांनी केला आणि १९८९ मध्ये ती मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. ज्या स्त्रियांचे त्या प्रश्नावलीत गुण अधिक आले, त्यांना प्रत्यक्ष शरीराची मोजमापे घेतली जात असतानाही अधिक ताण जाणवला. हा संकोच म्हणजे आजार नाही. तरी तो क्षुल्लकही नाही. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते, पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत सुमारे ५७ टक्के होते. व्यायाम न होण्याची कारणे पुष्कळ आहेत, पण इच्छा असून, पैसे असून, वेळही काढून माणूस दारातून परत फिरतो, तेव्हा आड येतो तो हा संकोच. तो नवशिक्याच्या भित्र्या स्वभावातून येतो असे समजून त्याला धीर देण्याची रीत आहे. तो मुख्यतः जागेच्या रचनेतून येतो आणि म्हणून त्याचा इलाजही बऱ्याच अंशी जागेनेच करायला हवा, असे प्रस्तुत नोंदीचे म्हणणे आहे.

परभणी तालुक्यातील पेडगावसारख्या गावावरून हे चांगले उमगते. (‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ या म्हणीतले, श्रीगोंदा तालुक्यातील भीमाकाठचे पेडगाव वेगळे.) अशा गावात माणूस अनोळखी राहू शकत नाही. कोणाचा मुलगा, कोणाची सून, काय करते, हे पाहणाऱ्याला आधीच माहीत असते, त्यामुळे कोणतीही नवी गोष्ट सुरू करणारा लगेच चर्चेत येतो. उलट, परभणी शहरातल्या जीममध्ये गेला तर त्याला कोणीच ओळखत नाही, पण आरसे, दंड फुगवलेली मंडळी आणि नावही ठाऊक नसलेली यंत्रे समोर उभी राहतात. गावात ओळखीची नजर, शहरात अनोळखी नजर. दोन्हीकडे अवघडलेपण आहे. मग नजर हेच मूळ कारण मानावे काय? मराठवाड्यातच त्याचे उत्तर रोज पहाटे दिसते. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, शिवाय दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. त्यासाठी गावोगावची मुले-मुली रस्त्यावर, शाळेच्या मैदानावर, साऱ्या गावादेखत धावतात. एरवी ट्रॅकपँट घालून घराबाहेर पडणे जिला अवघड वाटले असते, ती मुलगी भरतीच्या तयारीसाठी धावते तेव्हा पाहणारे तिला अडवत नाहीत. निदान तिच्याकडे सांगायला कारण असते. नजर तीच, रस्ता तोच, पण धावणाऱ्याला तिथे मान्य अशी भूमिका मिळालेली असते. संकोच नजरेने होतो त्यापेक्षा भूमिका नसल्याने अधिक होतो, हे त्यावरून लक्षात येते.

नवशिक्याला सर्रास दिला जाणारा सल्ला असा, की तुझ्याकडे कोणी पाहत नाही. त्यात तथ्य आहे. गिलोविच, मेडवेक आणि सावित्स्की यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असे गायकाचे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले. खोलीतल्या साधारण निम्म्या लोकांच्या ते लक्षात आले असेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात त्याच्या जवळपास निम्म्याच लोकांना चित्र ओळखता आले. आपण जितके दिसतो असे आपल्याला वाटते, तितके आपण दिसत नाही. मात्र या सल्ल्याने अर्धेच काम होते, कारण पाहणारे थोडे असले तरी त्यांचा परिणाम नवशिक्यावर वेगळा होतो. रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या विचारानुसार इतरांच्या उपस्थितीने अंगवळणी पडलेली गोष्ट अधिक चांगली होते, तर नव्याने शिकत असलेली गोष्ट बिघडते. १९८२ मध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठात बिलियर्ड्ससारखा पूल हा खेळ खेळणाऱ्यांवर हे पाहिले गेले. चार जण जवळ येऊन उभे राहताच तरबेज खेळाडूंचे यशस्वी फटके सुमारे ७१ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेले आणि कच्च्या खेळाडूंचे ३६ वरून २५ वर आले. म्हणजे एकाच जीममध्ये, एकाच आरशासमोर जुना माणूस खुलतो आणि नवा गडबडतो. नव्याच्या हातून बारबेल वाकडा होतो तो त्याच्या नालायकीचा पुरावा नसतो. शिकण्याच्या त्या टप्प्यावर असलेल्या कोणाही माणसाचे तसेच होईल. जुन्यांना आपली सुरुवात आठवत नाही आणि नव्याला त्यांची सुरुवात दिसलेली नसते, म्हणून तो फरक स्वभावाचा वाटू लागतो.

महाराष्ट्रातल्या तालमींना ही गोष्ट अनुभवातून ठाऊक होती. तालमीत आलेल्या पोराला पहिल्या दिवशी कोणी लढायला उतरवत नसे. हौदातली माती खणणे, ती भुसभुशीत करणे, वस्तादाच्या पाया पडणे, ओळीत उभे राहून जोर आणि बैठका मारणे, ही त्याची कामे ठरलेली असत. थोरले पठ्ठे लढताना बाजूला उभे राहून पाहणे हेही शिक्षणच मानले जाई. कौशल्य शून्य असतानाही त्याला तिथे जागा होती आणि करायला काम होते. तालमीबाहेरच्या सार्वजनिक व्यायामसंस्थांनी हीच गोष्ट वेगळ्या रीतीने साधली. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (स्थापना १९१४), पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ (१९२४), दादरचे समर्थ व्यायाम मंदिर (१९२५) यांनी व्यायाम वर्गात बसवला. बडोद्यात प्रा. माणिकराव यांनी जुम्मादादा व्यायाममंदिरातून सांघिक व्यायामाला शिस्त दिली. आज्ञेबरोबर साऱ्यांनी एकच हालचाल करायची असली की एकट्याकडे बोट दाखवता येत नाही. चुकणाऱ्याला शेजाऱ्याकडे पाहून सुधारता येते. लेझीम शिकणाऱ्या शाळकरी मुलांच्या रांगेत हेच घडते. अमरावतीच्या मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवण्यास गेले होते, आणि त्याच सुमारास बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेल्या दहा खंडांच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे प्रकाशन सुरू झाले. मराठी समाजाने व्यायामाला किती गांभीर्याने घेतले होते याची ही साक्ष आहे. आजच्या जीममधील साधने त्या काळातील कोणत्याही आखाड्यापेक्षा सरस आहेत. नव्या माणसाला सामावून घेण्याची रीत मात्र तिथे बहुधा नसते. महिन्याची फी भरली, एक यंत्र दाखवले, की पुढे तो आणि आरसा.

यावर पहिला आक्षेप तालमीविषयीचाच येईल आणि तो रास्त आहे. तालीम सर्वांची नव्हती. स्त्रियांना तिच्या मातीत पाय ठेवू दिला जात नसे, गावच्या जातीच्या भिंती आखाड्याच्या दारातही उभ्या असत आणि वस्तादाची शिस्त पुष्कळदा काठीची असे. त्या जगाचा गोडवा गाऊन उपयोग नाही. पण नव्याला काम नेमून देणे, त्याला घोळक्यात शिकवणे, शिकवणारा माणूस ठरलेला असणे, या गोष्टींचा त्या वगळण्याशी काही संबंध नाही. त्या वेगळ्या काढून घेता येतात. तसे झालेलेही आहे. बाळंभट दादा देवधर यांच्या नावाशी जोडलेला मल्लखांब मल्लांच्या जोडव्यायामातून वाढला, आणि त्याच परंपरेत आज मुली दोरीच्या मल्लखांबावर सर्वांसमोर आत्मविश्वासाने कसरती करतात. स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्यांना ‘कोणी पाहत नाही’ असे सांगणे अनेकदा खोटे असते. पाहिले जाते, शेरे मारले जातात, न विचारता हात लावून ‘पोश्चर’ सुधारले जाते. तिथे संकोच ही चुकीची समजूत नाही, ती बरोबर ओळखलेली अडचण आहे. तिच्यावर मनाची तयारी हा उपाय नव्हे. स्त्रियांसाठी राखीव वेळ, स्त्री-प्रशिक्षक आणि गैरवर्तन करणाऱ्याला बाहेर काढणारा मालक हे उपाय आहेत.

शेतात राबणाऱ्याला जीम कशाला, असा दुसरा आक्षेप गावात हमखास ऐकू येतो. कापूस वेचणे, सोयाबीन काढणे, पोती उचलणे हे कष्ट खरेच मोठे आहेत, आणि जो रोज ते करतो त्याला आळशी म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. पण हे कष्ट हंगामाचे असतात, एकाच अंगावर भार टाकतात आणि कंबर झिजवतात. शिवाय गावातली पुढची पिढी दुकानात, कार्यालयात, मोटारसायकलवर बसून आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल आणि त्याखेरीज निदान २ दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. घरीच का करू नये, हा तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कार घराघरात आणि संस्थानच्या शाळांत नेले ते याच विचाराने, की त्याला साधन लागत नाही, पैसा लागत नाही. ज्याला घरी नियमाने व्यायाम जमतो त्याने जीमला न गेल्याने काही बिघडत नाही. मात्र अनेकांना घरात जागा नसते, सासू-सासऱ्यांसमोर नमस्कार घालणे हेही अवघड असते, आणि वजन टप्प्याटप्प्याने वाढवायचे तर साधने लागतात. जीम टाळण्याचे कारण आवड नसणे हे असेल तर ठीक. भीती हे असेल तर घरचा व्यायाम ही निवड राहत नाही, ती माघार होते.

भीती ओसरते कशी, याबद्दल आल्बर्ट बांडुरा यांची १९७७ मधील मांडणी अजून उपयोगी आहे. आपल्याला हे जमेल हा विश्वास सर्वांत पक्का बसतो तो स्वतः करून जमल्याने, त्याखालोखाल आपल्यासारख्याच कोणाला तरी जमताना पाहिल्याने. नुसत्या धीराच्या शब्दांचा परिणाम त्याहून कमी टिकतो. म्हणून नवशिक्याने आधी धैर्य गोळा करून मग जावे हा क्रम उलटा आहे. आधी छोटे काम हातात घ्यावे, धैर्य मागून येते. पहिल्या आठवड्यात तीन-चारच प्रकार, हलके वजन, ते कागदावर लिहून नेलेले, आणि गर्दी नसलेली दुपारची किंवा अगदी सकाळची वेळ एवढे पुरे. सोबत गेल्या महिन्यातच सुरुवात केलेला मित्र असेल तर तो नामांकित पहिलवानापेक्षा उपयोगी, कारण त्याच्यात आपली पुढची पायरी दिसते. जुन्या माणसाला ‘हे कसे करतात?’ असे विचारावे. बहुतेक जण आनंदाने सांगतात, आणि त्या एका प्रश्नाने नवखा शिकाऊ म्हणून ओळखला जातो, म्हणजे भूमिका मिळते. सुरुवातीच्या आठवड्यांत स्नायू फारसे दिसत नाहीत तरी ताकद वाढते, कारण आधी मज्जासंस्था स्नायूंना अधिक चांगले कामाला लावायला शिकते. मोरितानी आणि डी व्ह्रीस यांनी १९७९ मध्ये हे दाखवले. आरशात फरक नाही म्हणून हिरमुसणाऱ्याने वजनाची नोंद पाहावी. नव्या जीम-सभासदांवरील कौशल आणि ऱ्होड्स यांच्या २०१५ च्या अभ्यासात सवय जडायला आठवड्यातून किमान ४ वेळा असे ६ आठवडे लागल्याचे आढळले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकणे ही इजा नसते, ते आपोआप जाते. छातीत दुखणे, भोवळ, आधीचा हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर मात्र सुरुवातीपूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तिथली धास्ती संकोच म्हणून झटकून टाकू नये. जीमच्या विचारानेच धडधड, घाम, श्वास कोंडणे असे वारंवार होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यातही कमीपणा नाही.

हे सारे नवशिक्याने करायचे झाले, पण ओझे त्याच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवणे अन्यायाचे आहे. राज्याचा क्रीडा विभाग व्यायामशाळा विकास योजनेतून इमारत आणि साहित्यासाठी अनुदान देतो, आणि खुल्या व्यायामशाळेची रंगीत यंत्रे आता अनेक गावांत उभी आहेत. यंत्र बसवले म्हणजे शिकवणारा आला असे होत नाही. ग्रामपंचायतीने गावातल्याच भरतीचा सराव केलेल्या एखाद्या मुलाला आणि मुलीला रोज तासभर नव्यांसाठी नेमावे, बायकांची वेळ ठरवून फळ्यावर लिहावी, पहिला महिना वर्ग घोळक्यात घ्यावा. खासगी जीमच्या मालकांनीही फी घेताना पहिल्या चार आठवड्यांचे शिक्षण त्यातच धरावे. पेडगावातून कोणी पहिल्यांदा आला तर त्याचे नाव विचारा आणि त्याला पहिले काम सांगा.