पांढरीतील परस

महाराष्ट्रातील गावाची जमीन दोन नावांनी ओळखली जाई: जिच्यावर पिके येत ती काळी, आणि जिच्यावर माणसे राहत ती पांढरी. काळीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला साधनांची वाण नाही. मलिक अंबराच्या धाऱ्यापासून शिवकालीन जमीनपाहणीपर्यंत, आणि पेशवे दफ्तरातील जमाबंदीच्या कागदांपासून 1835 साली गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात आरंभिलेल्या मोजणीपर्यंत, प्रत्येक अंमलाने काळीचे क्षेत्र मोजले, तिची प्रत ठरविली, जिरायत कोणती आणि बागायत कोणती, मोटस्थळ कोणते आणि पाटस्थळ कोणते, याचा बारकाईने निवाडा केला. परंतु घराच्या मागल्या दाराशी, न्हाणीच्या सांडपाण्यावर, ज्या चिंचोळ्या तुकड्यात घरातील बाया दोडक्याचा वेल चढवीत आणि वांग्यामिरचीची चार रोपे जगवीत, तो परस देशावरील बहुतेक गावी पांढरीत पडत असल्यामुळे जमीनसाऱ्याच्या कक्षेबाहेरच राहिला. आणि ज्याच्यावर सारा नाही त्याच्याविषयी दफ्तर सहसा बोलत नाही. आठवड्यातून एकदा भरणाऱ्या बाजारावर विसंबून असलेल्या घराला ताजा पाला मिळण्याचे हे सर्वांत जवळचे ठिकाण. तरीही त्याच्या उत्पन्नाचा आकडा कोणत्याही रुमालात सापडावयाचा नाही.

दफ्तराने जे टिपून ठेवले नाही ते एका व्रताने मात्र राखले. भाद्रपद शुद्ध पंचमीस, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीचे व्रत करणारी स्त्री बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य मानते. नांगरटीच्या शेतातील धान्य त्या दिवशी चालत नाही, आपोआप उगवलेला देवभात आणि हाताने खणून लावलेली भाजी एवढेच चालते. अळू, माठ, पडवळ, शिराळे, भेंडी, सुरण, अंबाडी, काकडी अशा मिळतील त्या भाज्या एकत्र शिजवून होणारी ऋषीची भाजी ही त्या दिवसाची पाकसिद्धी. या व्रताला जोडलेली विटाळाची आणि पापक्षालनाची कल्पना आजच्या स्त्रीने मानावी असे मी मुळीच म्हणणार नाही. त्या कल्पनेने बायकांना फार दुःख दिले आहे. परंतु तिच्याआड, नांगराखालची भूमी आणि हाताखालची भूमी यांत स्पष्ट सीमा आखणारा जो नियम शतकानुशतके पाळला गेला, तो परसाच्या इतिहासाचे मोलाचे साधन आहे, यात मला शंका वाटत नाही. वर्षातून निदान एक दिवस सारे घर परसावर जेवू शकले पाहिजे, अशी अपेक्षा त्या नियमात गृहीत आहे. आणि ती अपेक्षा पुरी व्हावयाची तर पेरणी वेळेवर झालेली असली पाहिजे.

ती वेळ मृगाची. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मृग नक्षत्र लागले की आळी खणावयाची, त्यांत शेणखत आणि चुलीतील राख घालावयाची, आणि पहिल्या पावसाने माती भिजली की दोन-दोन, तीन-तीन बिया टोचावयाच्या. कारल्यासारख्या कठीण कवचाच्या बिया त्याआधी रात्रभर पाण्यात भिजत घालावयाच्या. दोडका, काकडी, भेंडी यांना फळ धरण्यास साधारण दीड ते दोन महिने लागतात, पडवळ थोडे अधिक घेते, आणि पालेभाजी तर महिन्याभरात खुडता येते. म्हणजे मृगावर टोचलेले बी श्रावणात मांडवावर चढते आणि भाद्रपदात भरात येते. ऋषिपंचमीची तिथी आणि परसाचा भर यांचा मेळ असा सहज बसतो.

बी विकत आणावयाचे ही कल्पना या व्यवस्थेत नव्हतीच. वेलावरचे पहिले, सुबक, निरोगी फळ खाण्यासाठी न काढता बियाण्यासाठी राखावयाचे, आणि घरातील मुलांनी त्याला हात लावू नये म्हणून त्याला चिंधी बांधून ठेवावयाची. दोडका वेलावरच वाळू द्यावयाचा, काकडी पिवळी पडून पिकेपर्यंत थांबावयाचे, दुधी इतका सुकवावयाचा की हलवला असता आतील बी वाजावे. काकडी-भोपळ्याचे बी धुऊन, राखेत चोळून, उन्हात वाळवून मडक्यात भरीत. मक्याची कणसे चुलीच्या वरच्या आढ्याला टांगीत, म्हणजे धुराने कीड लागत नसे. कोणते फळ राखावे हा निर्णय वर्षानुवर्षे एकाच नजरेने झाला म्हणजे त्या मातीला, त्या पावसाला आणि त्या घराच्या रुचीला मानवणारे वाण आपोआप निवडले जाते. वनस्पतिशास्त्र ज्याला निवड म्हणते ती हीच. ती करणाऱ्या स्त्रियांची नावे मात्र आपल्यापाशी नाहीत. मुलगी सासरी निघाली की तिच्याबरोबर बियांची पुरचुंडी जाई, शेजारणीकडे गेलेले बी आपल्याकडे बुडाले तर पुढल्या वर्षी तिच्याकडून परत येई, आणि एका परसातील वाण दहा परसांत सुरक्षित राही.

परसाला जुन्याचा अभिमान असला तरी नव्याचे वावडे नव्हते, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. आज ऋषीच्या भाजीत बहुतेक घरी मक्याच्या कणसाचे तुकडे आणि तांबड्या भोपळ्याच्या फोडी असतात. ही दोन्ही पिके अमेरिकेतील. कोलंबसाच्या सफरींपूर्वी ती या देशात नव्हती, आणि पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा घेतल्यानंतरच्या काळात समुद्रमार्गे आलेल्या वनस्पतींबरोबर ती रुजली. ज्या मिरचीवाचून मराठी जेवण आज कल्पिताही येत नाही तीही त्यांतलीच. अरणच्या सावता माळ्याने 1295 साली समाधी घेतली. तरी त्याच्या नावावर गाइल्या जाणाऱ्या सुप्रसिद्ध अभंगात मळ्यातील भाज्यांच्या मालिकेत मिरची आहे. अभंग मुखोद्गत परंपरेने चालत आला, आणि गाणाऱ्या पिढ्यांनी आपल्या डोळ्यांसमोरचा मळा त्यात नकळत आणला, असा याचा अर्थ मी करतो; त्याने सावतोबांच्या भक्तीला काही उणेपणा येत नाही. व्रताचेही तसेच झाले. हाताच्या श्रमाने आलेले असले की पीक कोठून आले याची चौकशी ऋषिपंचमीने केली नाही.

परसातील या भाजीचे आरोग्यदृष्ट्या मोल काय, याचा शास्त्रीय विचार विसाव्या शतकात होऊ लागला. कुन्नूरच्या पोषण-संशोधन संस्थेतून डॉ. आयक्रॉइड यांनी 1937 साली भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली, आणि ज्या पालेभाजीला गरिबाचे तोंडीलावणे म्हणून हिणवीत तिच्यात जीवनसत्त्वे व क्षार किती आहेत हे कोष्टकांतून दिसू लागले. त्याच सुमारास वर्ध्याच्या मगनवाडीत महात्मा गांधींचे कच्च्या पाल्याचे प्रयोग चालू होते आणि ‘हरिजन’मधून ते त्यांविषयी लिहीत होते. पुढे महायुद्धात अन्नटंचाई तीव्र झाली तेव्हा सरकारने ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम हाती घेतली; परसातील चार रोपांचे मोल ध्यानात यावे अशीच ती वेळ होती.

शहरांत मात्र परस आधीच आकसत चालला होता. पुण्यात शनिवारवाड्यासमोर भरणारा भाजीबाजार 1886 साली नव्या मंडईच्या इमारतीत गेला. या इमारतीवरील खर्चास नगरपालिकेचे सभासद असताना ज्यांनी विरोध केला त्या जोतीराव फुले यांचेच नाव पुढे तिला मिळाले. वाड्यांची बिऱ्हाडे झाली, बिऱ्हाडांच्या चाळी झाल्या, आणि मागले दार जिन्यावर उघडू लागले. तथापि खेड्यातील परसाला खरा धक्का बसला तो बियांच्या बाजूने. 1963 साली राष्ट्रीय बीज निगम स्थापन झाले, 1964 साली जालन्यास बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही कंपनी काढली, आणि सुधारित व संकरित भाजीचे बी पाकिटांतून गावोगाव पोचले. त्या बियांनी शेतकऱ्याला उत्पन्न दिले, हे नाकारणे अन्याय होईल. पण संकरित फळाचे बी राखून पेरले तर पुढच्या पिढीत मूळ गुण टिकत नाहीत, आणि म्हणून ते राखण्यात अर्थच उरत नाही. चिंधी बांधण्याची रीत अशी निकामी झाली, आणि तिच्याबरोबर निवड करणारी नजरही हरवू लागली. मला ही हानी भाजीच्या हानीपेक्षा मोठी वाटते.

ती भरून काढण्याचे काम जेथून झाले तो धागा पुन्हा महात्माजींपाशी जाऊन पोचतो. मार्च 1946 मध्ये ते पुण्याजवळील उरुळी कांचन येथे निसर्गोपचारासाठी राहिले, आणि मणिभाई देसाई यांना तेथील कार्यास ठेवून गेले. त्याच मणिभाईंनी 1967 साली ‘बाएफ’ ही संस्था उभारली; आणि तिच्या साहाय्याने तेव्हाच्या नगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे या आदिवासी गावी राहीबाई सोमा पोपेरे यांनी आपल्या घरात गावरान बियांची बँक सुरू केली. राहीबाई शाळेत गेल्या नाहीत. बी राखण्याचे ज्ञान त्यांना घरातूनच मिळाले. वालाच्या अनेक जाती, वेलभाज्या, रानभाज्या त्यांनी जमविल्या, बचत गटांतील स्त्रियांना परस लावावयास शिकविले, आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

त्याआधीच, 2001 साली, संसदेने पिकांच्या वाणांचे आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचे संरक्षण करणारा कायदा संमत केला होता. बी राखावे, पेरावे, पुन्हा पेरावे, वाटावे, बदलावे, आणि मुद्रांकित पाकिटात न घालता विकावेही, हा शेतकऱ्याचा अधिकार त्याने मान्य केला; शिवाय शेतकऱ्याने जतन केलेल्या वाणाची सरकारी नोंदवहीत त्याच्या नावाने नोंद करण्याची तजवीजही त्यात आहे. परसातील वाणांचे अर्ज त्या नोंदवहीपर्यंत अद्याप थोडेच पोचत असावेत, कारण अर्ज लिहिणारा हात आणि बी राखणारा हात सहसा एकाच घरात नसतो. तालुक्याच्या कृषी कार्यालयाने आणि गावच्या शिक्षकाने हे लेखनाचे काम अंगावर घ्यावे. मृगाआधीच्या रिकाम्या दिवसांत एकेका घरची मडकी उघडून, कोणते वाण कोणत्या बाईकडे आणि तिला ते कोणाकडून मिळाले, एवढे जरी नीट टिपले गेले तरी अर्जाचा निम्मा मजकूर तयार होईल.