चकवा, अंगवळण आणि ठाव

मुलांच्या मासिकात एक कोडे हमखास असते. एका कोपऱ्यात उंदीर, दुसऱ्या कोपऱ्यात चीजचा तुकडा आणि मध्ये वेड्यावाकड्या वाटांचे जाळे. पेन्सिल घ्या आणि उंदराला वाट दाखवा. आपल्या घरातला उंदीर शेंगदाणे पळवतो, सुके खोबरे कुरतडतो, काहीच नाही मिळाले तर पुस्तकांचे पुठ्ठे खातो. कोड्यातला मात्र पिढ्यान् पिढ्या चीजकडेच निघालेला असतो. हे चित्र बाहेरगावाहून आलेले आहे, हे उघड आहे. पण वाट चुकवायला उंदीरच का? ससा, मुंगी, कोंबडीचे पिल्लू का नाही? या प्रश्नामागे एका उपकरणाची कुळकथा आहे. तिची सुरुवात उंदरापासून होत नाही, राजाच्या बागेपासून होते.

लंडनजवळ हॅम्प्टन कोर्ट नावाचा राजवाडा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजा तिसरा विल्यम याच्या काळात, तिथल्या बागेत उंच कुंपणझाडांचा भूलभुलैया लावला गेला. दरबारी मंडळींनी त्यात शिरावे, हरवावे आणि हसत बाहेर यावे एवढाच त्याचा उपयोग. जेरोम के. जेरोम यांच्या १८८९ सालच्या ‘थ्री मेन इन अ बोट’ने तो जगभर पोचवला. त्यातला हॅरिस ‘यात काय आहे!’ म्हणत आत शिरतो, वाट चुकलेल्यांचा घोळका मागे घेतो आणि सगळ्यांसकट अडकतो. सोडवायला आलेला नवखा रखवालदारही आतच हरवतो. इंग्रजीत अशा रचनेला ‘मेझ’ म्हणतात. या शब्दाचा जुना अर्थ भ्रम, गोंधळ असा होता. ‘वाटांचे जाळे’ हा अर्थ त्याला नंतर चिकटला. थक्क करणे या अर्थाचा ‘अमेझ’ त्याच घरातला. आपल्याकडे रात्री रानात एखादा माणूस फिरून फिरून त्याच बाभळीपाशी येऊ लागला, की त्याला चकवा लागला म्हणतात. मेझला मराठीत यापेक्षा नेमका शब्द सापडणार नाही.

हा चकवा उंदरापर्यंत पोचला तो अमेरिकेत. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावच्या क्लार्क विद्यापीठात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काही तरुण प्राण्यांच्या मनाचा अभ्यास करू पाहत होते. त्याआधी १८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरांना पेटीत कोंडून कडी उघडायला लावले होते. कोंबडीच्या पिल्लांसाठी तर त्यांनी पुस्तके उभी करून बोळ तयार केले होते. ही पिल्ले काही काळ विल्यम जेम्स या नामवंत तत्त्वज्ञाच्या घराच्या तळघरात वाढली. पण कोंडलेले मांजर भेदरते, आणि भेदरलेल्या जिवाच्या वागण्यावरून त्याची बुद्धी कशी मोजायची? क्लार्कमधल्या मंडळींना प्राण्याच्या मूळ सवयीला धरून काहीतरी हवे होते.

लायनस क्लाइन या संशोधकाला तेव्हा आपल्या वडिलांची व्हर्जिनियातली शेती आठवली. तिथल्या एका जुन्या खोपटाच्या पडवीखाली उंदरांनी घरट्यांपर्यंत बोळ पोखरलेले त्याने पाहिले होते. ही हकीकत त्याने प्रयोगशाळेचे प्रमुख एडमंड सॅनफर्ड यांना सांगितली. सॅनफर्ड म्हणाले, मग हॅम्प्टन कोर्टचा नमुना का वापरू नये? पडवीखालचे बीळ आणि राजाची बाग यांचे असे लग्न लागले.

प्रत्यक्ष काम केले ते विलर्ड स्मॉल यांनी. त्यांनी ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’तली हॅम्प्टन कोर्टची आकृती घेतली, तिला चौकोनी केले आणि सहा फूट बाय आठ फुटांचा चकवा उभारला. भिंती तारेच्या जाळीच्या, खाली लाकडाचा भुसा, मधोमध खाऊ. १९०० आणि १९०१ साली त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. उंदीर आधी बोळाबोळांतून हुंगत हिंडत, आडवाटांत अडकत. दिवसेंदिवस चुका कमी होत आणि शेवटी एका दमात मध्यावर पोचत. चुका मोजता येतात, वेळ मोजता येतो, त्यामुळे मनासारख्या निसटत्या गोष्टीला एकदम आकडा मिळाला. मग चकवा झपाट्याने पसरला. रॉबर्ट यर्क्स यांनी १९१२ साली इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची वाट करून गांडुळाला एका बाजूला वळायला शिकवले. सेंट लुइसमधल्या शाळेत शिकवणारे कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ चार्ल्स टर्नर यांनी १९१३ साली झुरळांची परीक्षा घेतली. तरी आसन पक्के झाले ते पांढऱ्या उंदराचेच. तो लहान, स्वस्त, माणसाळलेला आणि बिळात वाढलेल्या कुळातला.

पुढचे वळण शिकागोत आले. उंदीर नक्की कशाच्या आधाराने वाट शिकतो, हे जॉन वॉटसन यांना शोधायचे होते. त्यासाठी त्यांनी काही उंदरांचे डोळे काढले, काहींची वास घेण्याची यंत्रणा, काहींच्या मिशा. १९०७ साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली. ती वाजवी होती. उंदीर मात्र वाट शिकत राहिले. वॉटसन यांनी निष्कर्ष काढला, की वाट स्नायूंत साठते. इतकी पावले, मग उजवीकडे, मग इतकी पावले. एक हालचाल पुढच्या हालचालीला ढकलते. दुसऱ्या वर्षी हार्वी कार यांच्यासह त्यांनी याची परीक्षा घेतली. पाठ झालेल्या चकव्यातला एक बोळ आखूड केला, तर भरधाव आलेले उंदीर समोरच्या भिंतीवर आदळले. बोळ लांबवला, तर जुन्या वळणाची जागा येताच ते वळू लागले.

याला मराठीत वेगळी व्याख्या लागत नाही. गोष्ट अंगवळणी पडली, असे आपण म्हणतो, आणि या उंदरांच्या अंगात अक्षरशः वळणे भरली होती. त्यांना वाट ठाऊक होती असे म्हणायला मात्र जीभ रेटत नाही. ‘ठाव’ म्हणजे जागा आणि ‘ठावे असणे’ म्हणजे माहीत असणे. अंगवळणी पडलेल्याला जागेचा ठाव असतोच असे नाही. पुढच्या शंभर वर्षांचे भांडण या दोन शब्दांतले आहे.

ठावाची बाजू घेतली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या एडवर्ड टोलमन यांनी. उंदरांवर त्यांचा जीव इतका, की १९३२ सालचा आपला मुख्य ग्रंथ त्यांनी पांढऱ्या उंदराला त्याच्या लॅटिन नावाची आद्याक्षरे लिहून अर्पण केला. टोलमन आणि चार्ल्स हॉनझिक यांनी १९३० साली उंदरांचे तीन गट केले. एकाला चकव्याच्या टोकाशी रोज खाऊ, दुसऱ्याला कधीच नाही, तिसऱ्याला पहिले दहा दिवस नाही आणि अकराव्या दिवसापासून सुरू. दहा दिवस हा तिसरा गट उगाच हिंडल्यासारखा हिंडला. बाराव्या दिवशी मात्र त्यांच्या चुका धाडकन उतरल्या आणि रोज खाऊ मिळवणाऱ्यांच्या बरोबरीला आल्या. म्हणजे ते हिंडताना शिकत होते, फक्त ते दाखवायचे कारण त्यांना मिळाले नव्हते. वर्गात मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघणारा मुलगा परीक्षेत पहिला यावा, तसे हे झाले.

१९४६ साली त्यांनी आणखी एक चाल खेळली. उंदरांना नागमोडी वाटेने खाऊपर्यंत जायला शिकवले आणि मग ती वाट बंद करून समोर सूर्याच्या किरणांसारख्या अठरा नव्या वाटा मांडल्या. जवळजवळ ३६ टक्के उंदरांनी थेट खाऊच्या जागेकडे जाणारी, आजवर कधीच न चाललेली वाट धरली. त्या बाजूला एक दिवा होता, तोच पाहून ते गेले असतील, असा आक्षेप घेतला गेला आणि तो अगदीच फुसका नव्हता. तरी १९४८ साली टोलमन यांनी ठामपणे लिहिले, की मेंदू तार जोडून देणारे टेलिफोन एक्सचेंज नाही. त्यात नकाशाची खोली आहे.

या भांडणात एक गोष्ट दोन्ही पक्षांच्या नजरेतून बरीच वर्षे निसटली. अरुंद बोळात हत्तीलाही नाकासमोरच चालावे लागते. दोन भिंतींमधल्या उंदराला डावे-उजवे सोडून दुसरे उत्तर देण्याची मुभाच नव्हती. वॉटसन यांना अंगवळण सापडले, कारण त्यांचे उपकरण दुसरे काही विचारत नव्हते. टोलमन यांनी वाटा मोकळ्या केल्या तेव्हा ठाव दिसू लागला. चकव्याचा पुढचा सगळा इतिहास भिंती काढून टाकण्याचा आहे, आणि भिंती पडत गेल्या तसतसा उंदीर हुशार ‘होत’ गेला.

मात्र ही नकाशाची खोली मेंदूत आहे तरी कुठे? कार्ल लॅश्ली यांनी वर्षानुवर्षे उंदरांच्या मेंदूच्या बाह्य आवरणाचे कमी-अधिक भाग नष्ट करून त्यांना चकव्यात सोडले. १९२९ साली त्यांनी मांडले, की चुका वाढतात त्या किती भाग गेला यावर, कुठला गेला यावर नाही. १९५० साली आयुष्यभराच्या शोधाचा आढावा घेताना ते थट्टेने म्हणाले, की पुरावा पाहता शिकणे मुळी शक्यच नसावे. आवरणाखाली, खोलात, समुद्रघोड्यावरून नाव पडलेला हिप्पोकॅम्पस त्यांच्या हातून राहून गेला होता.

तो सापडला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात. जॉन ओकीफ यांनी मोकळेपणी हिंडणाऱ्या उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये बारीक तारा बसवल्या आणि पेशींची विजेची टिकटिक ऐकली. १९७१ साली जोनाथन डोस्ट्रोव्हस्की यांच्यासह त्यांनी प्रसिद्ध केले, की काही पेशी उंदीर एका ठरावीक जागी आला की बोलतात, एरवी गप्प राहतात. दुसऱ्या जागी दुसरी पेशी. टोलमन यांचा नकाशा आता कानांनी ऐकू येत होता. २००५ साली नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम इथे मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांच्या गटाला शेजारच्याच भागात अशा पेशी मिळाल्या, ज्या सबंध जमिनीवर मधमाशीच्या पोळ्यासारख्या षटकोनी जाळीच्या बिंदूंवर बोलतात. ओकीफ आणि दोघे मोसर अशा तिघांना २०१४ सालचे नोबेल मिळाले. ही जाळी दिसली ती भिंती-बोळ नसलेल्या मोकळ्या चौकात.

भिंती पार बुडवल्या त्या स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज इथे रिचर्ड मॉरिस यांनी. त्यांनी १९८१ साली मांडलेला चकवा म्हणजे एक गोल हौद. पाण्यात दूध घालून ते गढूळ करायचे आणि पृष्ठभागाच्या सुमारे एक सेंटिमीटर खाली एक छोटा चौथरा लपवायचा. उंदीर पोहतो छान, पण त्याला पाण्यात राहायचे नसते. त्यामुळे त्याला उपाशी ठेवावे लागत नाही. पाण्यावर आधीच्या उंदराच्या वासाचा माग राहत नाही. दर वेळी त्याला हौदाच्या वेगळ्या काठावरून सोडतात, म्हणून डावे-उजवे पाठ करून भागत नाही. खोलीतली खिडकी, कपाट, दार यांच्यावरून चौथऱ्याचा ठाव लावावा लागतो. धडधाकट उंदीर थोड्या फेऱ्यांत थेट चौथऱ्याकडे पोहू लागले. मॉरिस आणि ओकीफ यांनी सहकाऱ्यांसह १९८२ साली दाखवले, की हिप्पोकॅम्पसला इजा झालेला उंदीर डोळ्यांना दिसणारा चौथरा गाठतो, पण लपलेला त्याला सापडत नाही. विस्मरणाच्या आजारांवरची औषधे तपासायला हा हौद आजही वापरतात.

मग वॉटसन चूक ठरले का? निवाडा १९९६ साली मार्क पॅकार्ड आणि जेम्स मॅगॉ यांनी दिला. त्यांचा चकवा होता अधिकच्या चिन्हासारखा. उंदराला रोज दक्षिणेकडून सोडायचे, खाऊ पश्चिमेला, म्हणजे वळण डावे. मग एके दिवशी त्याला उत्तरेकडून सोडायचे. जागा ठाऊक असेल तर तो पश्चिमेला जाईल. अंगवळण असेल तर डावीकडे वळून पूर्वेला पोचेल. आठव्या दिवशी बहुतेक उंदीर जागेकडे गेले. सोळाव्या दिवशी बहुतेक वळणाने गेले. आठव्या दिवशी लिडोकेन देऊन, दातांचे डॉक्टर हिरडी बधिर करायला वापरतात तेच, हिप्पोकॅम्पस बधिर केला तर ठाव सुटला. सोळाव्या दिवशी कॉडेट न्यूक्लियस हा दुसराच भाग बधिर केला तेव्हा अंगवळण गेले आणि विसरला असे वाटणारा ठाव पुन्हा वर आला. नवी वाट ठावाने चालते, रुळलेली अंगवळणाने. आणि रुळली म्हणून आधीचा ठाव पुसला जात नाही. वॉटसन यांनी पाठ झालेले उंदीर तपासले होते, टोलमन यांनी हिंडणारे. दोघांनीही आपापल्या उंदराविषयी खरेच सांगितले होते.

घर बदलल्यावर महिनाभर पाय जुन्या गल्लीकडे वळतात, तेव्हा आपल्या आतही हेच दोन जाणकार असतात. त्यातला एक अजून जुन्या पत्त्यावर राहत असतो, एवढेच.

आता ते मासिकातले कोडे पुन्हा उघडा. पेन्सिल घेतलेले मूल सगळा चकवा वरून पाहते आणि बिचाऱ्या उंदराला वाट दाखवायला निघते. स्मॉल यांच्या जाळीच्या भिंतींपासून मोसर यांच्या मोकळ्या चौकापर्यंत शंभरहून अधिक वर्षे गेली. तेवढ्यात कळले ते हे, की बोळात हुंगत हिंडणारा उंदीरही डोक्यात तेच वरून दिसणारे चित्र काढत असतो, पेन्सिल न घेता.