गाडी सुरू करणारा हात

पेट्रोल किंवा डिझेलचे इंजिन आपण होऊन सुरू होत नाही. विजेच्या मोटरला बटण दाबले की पुरते. या इंजिनात मात्र आधी सिलिंडरमध्ये हवा ओढली गेली पाहिजे, पिस्टनने ती दाबली गेली पाहिजे, मगच इंधन पेटून ताकद मिळते. आणि ओढण्या-दाबण्याचे काम इंजिन फिरत असेल तरच होते. म्हणून पहिले एक-दोन फेरे बाहेरून कोणीतरी द्यावेच लागतात. ते देणारा माणूस कुठे उभा असतो आणि फेरा देण्याआधी त्याने काय काय पाहिलेले असते, हे गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत पार बदलले. आज गाडीला रिमोट स्टार्ट बसवून घेताना जे प्रश्न विचारावे लागतात, गाडी गिअरमध्ये तर नाही ना, बॉनेट उघडे तर नाही ना, गाडीजवळ कोणी आहे का, त्यांतला एकही नवा नाही. हँडल मारणाऱ्यालाही ते पडत. फक्त त्यांची उत्तरे त्याला डोळ्यांसमोर दिसत असत.

कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत मागच्या बाजूला मोठे फ्लायव्हील आडवे बसवलेले होते. ते हातांनी गरकन फिरवले की इंजिन चालू होई. १८८८ मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फॉर्झहाइमला सुमारे शंभर किलोमीटर गेली, ती अशाच गाडीतून. पुढे इंजिन गाडीच्या पुढच्या भागात आले आणि फ्लायव्हीलच्या जागी क्रँकशाफ्टच्या टोकात अडकवायचा वाकडा लोखंडी दांडा आला. मराठीत त्याला सरळ ‘हँडल’ म्हणतात आणि त्या क्रियेला ‘हँडल मारणे’.

हँडल मारण्यात ताकदीपेक्षा क्रम महत्त्वाचा होता. १९०८ मध्ये बाजारात आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत हा क्रम स्पष्ट दिसतो. आधी हँडब्रेक ओढायचा. या गाडीत त्याच दांड्याने वरचा गिअरही सुटत असे. स्टिअरिंगखाली दोन बाजूंना दोन छोट्या दांड्या असत. डावीने ठिणगी पडण्याची वेळ मागेपुढे होई, उजवीने इंधन कमीजास्त होई. डावी दांडी पूर्ण वर सरकवून ठिणगी उशिरा पडेल अशी ठेवायची, उजवी थोडी खाली आणायची, मग उतरून पुढे यायचे. रेडिएटरजवळ चोकच्या तारेचे कडे असे; ते ओढून धरत हँडलचे एक-दोन हलके फेरे द्यायचे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल पोचे. त्यानंतर इग्निशन चालू करून हँडल खालून वर झटक्याने ओढायचे. जाणकार हे डाव्या हाताने करायला सांगत, आणि अंगठा दांड्याभोवती न गुंडाळता बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायला सांगत.

याचे कारण उलटा मार. ठिणगी लवकर पडली तर पिस्टन वर पोचण्याआधीच इंधन पेटते आणि क्रँकशाफ्ट उलटा फिरतो. हातातले हँडलही त्याच्याबरोबर फिरते. बुलेटची किक उलटी बसलेल्या माणसाला हा झटका काय असतो ते वेगळे सांगावे लागत नाही. हँडल ओढण्याऐवजी वरून दाबत असेल, अंगठा गुंडाळलेला असेल, तर मनगट किंवा अंगठा मोडे. मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे टोक मोडते त्या प्रकाराला अस्थितज्ज्ञ अजूनही ‘शोफर्स फ्रॅक्चर’, म्हणजे मोटारचालकाचे फ्रॅक्चर, म्हणतात.

दुसरा धोका गाडी अंगावर येण्याचा. मॉडेल टीमध्ये थंडीने तेल घट्ट झाले की क्लचच्या चकत्या एकमेकींना चिकटून राहत. हँडब्रेक ओढलेला असला तरी इंजिन सुरू होताच गाडी इंचाइंचाने पुढे सरकू लागे, आणि पुढे तर हँडल मारणारा उभा. कडक थंडीत मागचे एक चाक जॅकने उचलून ठेवायचे, मग हँडल मारायचे, ही पद्धत त्यातून पडली. चाक हवेत फिरत राही आणि गाडी जागेवर राही. सुरू करणाऱ्याने गाडी न्यूट्रलला असल्याची स्वतः खात्री करायची, हा या यंत्राचा पहिला नियम इथे तयार झाला.

हँडलपासून सुटका करण्याचे पहिले प्रयत्न दाबलेल्या हवेचे, ॲसिटिलिन वायूचे, गुंडाळलेल्या स्प्रिंगचे होते. विजेची मोटर हा उपाय उघडच होता, पण इंजिन फिरवण्याएवढी मोटर गाडीत मावणार नाही असे मानले जाई. हा समज चार्ल्स केटरिंग यांनी खोडला. ते ओहायोतल्या डेटन गावी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत काम करत आणि गल्ल्याच्या यंत्राला त्यांनी विजेची छोटी मोटर बसवली होती. गल्ला उघडायला क्षणभरच जोर लागतो, म्हणून लहान मोटरवर तेवढ्यापुरता तिच्या कुवतीबाहेरचा भार टाकला तरी ती जळत नाही, हे त्यांना तिथे दिसले. इंजिनालाही जोर काही सेकंदच लागतो. केटरिंग यांनी सहकाऱ्यांसह १९०९ मध्ये स्थापन केलेल्या डेल्को कंपनीचा सेल्फ-स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकवर आला. इंजिन सुरू झाले की तीच मोटर डायनॅमो होऊन बॅटरी चार्ज करी. दिवे, ठिणगी आणि स्टार्टर यांची एकत्रित योजना गाडीवर प्रथमच आली, आणि या कामासाठी कॅडिलॅकला डेवार ट्रॉफी मिळाली. एका वेगळ्याच धंद्यातली नजर इथे उपयोगी पडली, आणि मोटारीच्या इतिहासातल्या मोठ्या शोधांमध्ये हा शोध खरोखर वरच्या रांगेत बसतो.

त्याचा फटका विजेच्या गाड्यांना बसला. हँडल नको, वास नको, म्हणून शहरांत या गाड्या पसंत केल्या जात. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवत. पेट्रोलची गाडी बसल्या जागी सुरू होऊ लागल्यावर विजेच्या गाड्यांचा मोठा फायदा संपला. मॉडेल टीला मात्र स्टार्टर १९१९ मध्ये मिळाला, तोही जादा किमतीत. स्टार्टरचे छोटे दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवून इंजिन सुरू होताच बाजूला काढणारा भाग व्हिन्सेंट बेंडिक्स यांचा. त्यांचे नाव त्या भागाला कायमचे चिकटले. आपल्याकडचे ऑटो इलेक्ट्रिशियनही ‘बेंडिक्स गेला’ असे म्हणतात.

स्टार्टर आल्यावर माणूस गाडीसमोरून सीटवर आला. गिअर हलवून पाहणे, क्लच दाबणे, चोक ओढणे, ॲक्सिलरेटर देणे ही सगळी कामे एका जागी आली. काही दशके चावी फक्त इग्निशनची होती, आणि स्टार्टरसाठी वेगळे बटण किंवा पायाखालची कळ असे. १९४९ मध्ये क्रायस्लरने दोन्ही एकाच चावीत आणले. रिमोट स्टार्टला पुढे जी नक्कल करायची होती, ती याच चावीच्या फिरण्याची.

भारतात हँडल बरेच टिकले. अँबॅसिडर आणि कुर्ल्यात बनणारी फियाट, म्हणजे नंतरची प्रीमियर पद्मिनी, यांना समोर हँडल घालायचे भोक होते आणि डिकीत हँडल असे. बॅटरी उतरली तर सेल्फ नुसता ‘टकटक’ करी, मग चालक हँडल काढून पुढे येई. ते नसेल तर चौघांनी धक्का मारायचा, चालकाने दुसरा गिअर टाकून क्लच एकदम सोडायचा. एसटीच्या कित्येक प्रवाशांनी हे काम खाली उतरून केलेले आहे. धक्का स्टार्टमध्ये गाडी मुद्दाम गिअरमध्ये ठेवून इंजिन फिरवले जाते. साध्या गिअरच्या गाडीचा हा गुण अडचणीत कामाला येतो, आणि दूरवरून सुरू करायच्या वेळी नेमका तोच घात करतो.

दूरवरून सुरू करण्याची गरज निर्माण झाली ती कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातल्या हिवाळ्यात. उणे १८ अंश सेल्सियसला शिसे-आम्लाच्या बॅटरीची ताकद जवळपास निम्मी होते आणि त्याच वेळी तेल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. बॅटरीवर छापलेला ‘कोल्ड क्रँकिंग अँपिअर’ हा आकडा याच तापमानाला मोजतात. आधीचा उपाय इंजिन रात्रभर कोमट ठेवण्याचा होता. नॉर्थ डकोटातल्या अँड्र्यू फ्रीमन यांना १९४९ मध्ये अशा विजेच्या हीटरचे पेटंट मिळाले. आजही विनिपेगसारख्या शहरांत पार्किंगच्या जागी प्लगचे खांब दिसतात. तरी काचेवरचा बर्फ आणि गारठलेली सीट राहतच होती. लोक सकाळी बाहेर येऊन गाडी सुरू करत, चावी तशीच ठेवून घरात जात. अशा गाड्या चोरांना आयत्याच मिळत.

कार्बोरेटर असेपर्यंत रिमोटचे काम अवघडच होते, कारण थंड इंजिनाला चोक आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय लागतो. १९८० नंतर इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन आले, इंधनाचे प्रमाण गाडी स्वतःच ठरवू लागली, आणि बाहेरून बसवायच्या रिमोट स्टार्ट संचांचा धंदा वाढला. संच म्हणजे रिलेंची एक पेटी. ती इग्निशन स्विचच्या वायरींना जोडतात. रिमोटचा संकेत आला की ती आधी इग्निशन चालू करते, डिझेल गाडीत ग्लो प्लग तापेपर्यंत थांबते, मग स्टार्टरला वीज देते. इंजिनाचा वेग वाढल्याचे कळताच स्टार्टर सोडते. दहा-पंधरा मिनिटांत कोणी आले नाही तर इंजिन बंद करते.

संचाची खरी परीक्षा मात्र तो गाडी केव्हा सुरू करायला नकार देतो, यात आहे. बॉनेटखाली एक पिनचा स्विच बसवतात. बॉनेट उघडे असेल तर इंजिन फिरत नाही, म्हणजे पंख्यात किंवा पट्ट्यात मेकॅनिकचा हात सापडत नाही. चावी न लावता ब्रेक दाबला तर इंजिन बंद पडते, म्हणजे काच फोडून आत शिरलेल्याला गाडी नेता येत नाही. ऑटोमॅटिक गाडीत गिअर ‘पार्क’मध्ये नसेल तर काहीच होत नाही. साध्या गिअरच्या गाडीत हे तपासणे कठीण, म्हणून तिथे वेगळा रिवाज पडला. चालक इंजिन चालू ठेवूनच गिअर न्यूट्रलला आणतो, हँडब्रेक ओढतो, चावी काढतो, उतरतो आणि दार लावतो. मग पेटी स्वतः इंजिन बंद करते. क्लच सोडून माणूस बाहेर पडला तरी इंजिन चालू राहिले, याचा अर्थ गाडी न्यूट्रलमध्ये आहे. त्यानंतर एकदा जरी दार उघडले तरी ही नोंद पुसली जाते आणि रिमोट चालत नाही. युक्ती फार सुंदर आहे: जॅकवर चाक उचलून जी खात्री केली जाई, ती इथे दाराच्या स्विचने केली. हा टप्पा गाळून संच बसवणारा स्वस्त मिळाला तरी त्याच्याकडे जाऊ नये. गिअरमधली गाडी सेल्फवरच भिंतीपर्यंत किंवा माणसापर्यंत पोचते.

१९९० च्या दशकात चावीत चिप आली. ती ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होईना. कॅनडात सप्टेंबर २००७ पासून नव्या गाड्यांना हे इमोबिलायझर सक्तीचे झाले. रिमोट स्टार्टपुढे त्यामुळे पेच पडला. सुरुवातीचा तोडगा म्हणजे गाडीची जादा चावी एका डबीत घालून डॅशबोर्डमागे लपवणे. चोरांपासून वाचवणारी वस्तू अशी कायमची गाडीतच राही. नंतरचे मॉड्यूल गाडीच्या संगणकाशी बोलून हे काम करू लागले आणि चावी लपवण्याची गरज संपली. संच निवडताना यांतली कोणती पद्धत वापरली आहे हे विचारावे, तसेच मूळ वायरी कापल्या जातात की कंपनीच्या कनेक्टरमध्येच जोड दिला जातो हेही. एकतर्फी रिमोट फक्त संकेत पाठवतो. दुतर्फी रिमोटवर इंजिन खरोखर सुरू झाले का ते कळते. गाडी नजरेआड उभी असेल तर दुतर्फीच घ्यावा.

जनरल मोटर्सने २००४ च्या शेव्हरोले मालिबूवर कारखान्यातूनच रिमोट स्टार्ट दिला. पुढे मोबाइल ॲप आले आणि अंतराची मर्यादा गेली, पण गाडी मोबाइलच्या जाळ्यावर अवलंबून राहू लागली. २०२२ मध्ये अमेरिकेत थ्रीजी जाळी बंद झाल्यावर अनेक जुन्या गाड्यांची ॲपवरची सोय संपली. खिशातल्या रिमोटला त्याचा काही फरक पडला नाही. जर्मनीत विनाकारण इंजिन चालू ठेवायला वाहतूक नियमांत बंदी आहे, त्यामुळे तिथे इंजिन न चालवता गाडी गरम करणारे इंधनाचे छोटे हीटर रुजले. घराला लागून असलेल्या बंद गॅरेजमध्ये रिमोट स्टार्ट कोणत्याच देशात वापरू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

भारतात ही सोय २०१९ मध्ये ह्युंदाई वेन्यू, किया सेल्टॉस अशा इंटरनेटला जोडलेल्या गाड्यांबरोबर मोठ्या प्रमाणात आली. इथे तिचा उपयोग उलटा आहे: नागपूर-जळगावच्या मे महिन्यात उन्हात तापलेली गाडी बसण्याआधी थंड करणे. सार्वजनिक जागेत मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १२६ लागू होते. चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस नसेल तर गाडीचे यंत्र बंद करून ब्रेक लावलेला असावा, किंवा ती चुकून हलणार नाही अशी दुसरी व्यवस्था केलेली असावी, असे ते सांगते. विजेच्या गाडीत इंजिनच नाही, त्यामुळे ॲपवरचे बटण तिथे फक्त एसी लावते, आणि गाडी चार्जरला जोडलेली असेल तर बॅटरीवरचा त्याचा भारही हलका होतो.