पाते आणि मूठ

कागदाच्या प्रतिकृती करण्याचा छंद ज्याला लागतो, त्याला पुठ्ठा आणि गोंद मिळवताना अडचण पडत नाही. तो अडतो चाकूपाशी. हाताला सुखाचा चाकू कोणता, असा त्याचा प्रश्न असतो. दुकानदार त्याला मुठीचे नमुने दाखवतो. कोणी रबराची मूठ दाखवतो, कोणी धातूची. परंतु या हत्याराचा इतिहास पाहू गेल्यास असे दिसते की, हाताच्या सुखाचा उगम मुठीत नसून पात्यात आहे.

कागद आणि चाकू यांची सोयरीक फार जुनी. ती जुळली लेखणीच्या मध्यस्थीने. आपल्याकडील लेखनिक बोरूचे टोक तासून त्याला तिरका छेद देत. फार्सी दप्तरांत या कामाच्या चाकूला कलमतराश असे नाव होते. युरोपात पिसांच्या लेखण्या तासण्यासाठी असाच लहान चाकू लागे, आणि खिशातल्या चाकूला इंग्रजीत आजही ‘पेननाइफ’ म्हणतात ते त्यामुळेच. या सर्व चाकूंत पाते आणि मूठ यांचा जन्माचा संसार असे. धार गेली की धारेच्या दगडाशी बसावे लागे, आणि धार लावणे ही स्वतंत्र विद्याच होती. ती ज्याला साधली नाही, त्याच्या चाकूची मूठ हस्तिदंती असली तरी बोटे दुखावयाची ती दुखतच.

हा संसार मोडला तो दाढीच्या निमित्ताने. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट यांनी १९०३ साली फेकून देण्याजोग्या पातळ पात्याचा वस्तरा विक्रीस आणला. धार पुन्हा लावण्यापेक्षा पातेच बदलावे, हा विचार त्यामुळे घरोघर पोहोचला. १९१५ साली मॉर्गन पार्कर यांनी शस्त्रवैद्यांच्या चाकूचे असे पेटंट मिळवले की, मूठ तीच राहावी आणि पाते मात्र दर वेळी नवे बसवावे. पुढे १९३० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये संडेल डोनिगर यांच्या कारखान्यात लेखणीसारखा बारीक, बदलत्या पात्याचा चाकू तयार झाला. ‘एक्झॅक्टो’ या नावाने तो चित्रकार आणि छंदी कारागीर यांच्या हाती गेला. वैद्याचे शस्त्र अशा रीतीने कागदाकडे आले. आणि त्याची वेळही साधली गेली. कारण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ साली, इंग्लंडमध्ये जेफ्री हेवे यांनी पोस्टकार्डाएवढ्या पत्रांवर छापलेल्या चिमुकल्या प्रतिकृती काढल्या. गहूभर तुकडे कापावयाचे तर कात्रीचा तेथे काय पाड लागणार!

या कथेचा सर्वांत हृद्य भाग मात्र जपानात घडला. ओसाका शहरात योशिओ ओकादा नावाचा तरुण छपाईच्या व्यवसायात काम करीत होता. कागद कापण्यासाठी कामगार दाढीची पाती वापरीत. त्या पात्यांना धड मूठ नसे, त्यामुळे बोटे कापत. आणि टोके तेवढी बोथटली की उरलेले धारदार पाते वाया जाई. युद्धात होरपळलेल्या देशात ही नासाडी आणि हे रक्त दोन्ही खटकण्याजोगेच होते. ओकादा यांना दोन गोष्टी आठवल्या. चांभार काचेच्या तुकड्याने काम करीत आणि धार गेली की काच पुन्हा फोडून नवी धार मिळवीत. आणि अमेरिकन सैनिकांनी आणलेल्या चॉकलेटच्या वड्या आखलेल्या रेषांवर सहज मोडत. या दोहोंच्या मिलाफातून १९५६ साली तुकड्या-तुकड्यांनी मोडणाऱ्या लांब पात्याचा चाकू जन्मास आला. जपानी भाषेत ‘ओरू हा’ म्हणजे मोडावयाचे पाते; त्यावरूनच ‘ओल्फा’ हे नाव पडले. त्याच्या पात्यांची ९ आणि १८ मिलिमीटर ही रुंदी पुढे इतर कारखानदारांनीही स्वीकारली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बोथट पाते कागद कापीत नाही, फाडते. मग आपण जोर लावतो. जोर लावला की बोटे आवळतात, मनगट ताठरते, आणि पाते पट्टीवरून घसरून दुसऱ्या हातावर येते. हात दुखला म्हणून मूठ बदलणारा माणूस पुष्कळदा निष्कारण खर्च करतो. त्याने पाते बदलावयास हवे होते. यानंतरच मुठीचा विचार. वळणे आणि खिडक्या कापावयाच्या तर लेखणीसारखी धरता येणारी, बोटांत सहज फिरणारी मूठ चांगली; मात्र ती साफ गोल असेल तर उतरत्या मेजावरून घरंगळते, म्हणून तिला कोठे तरी सपाट बाजू असावी. जाड पुठ्ठ्याच्या सरळ कापासाठी चपटी, मुठीत भरणारी आणि पाते घट्ट अडकवून ठेवणारी मूठ बरी. दोन्हींना लोखंडी पट्टीची जोड हवी, आणि एका दाबाऐवजी तीन-चार हलके फेर हवेत.

आपल्या घरांत मात्र एक अडचण आहे, ती स्वभावाची. आकाशकंदील किंवा गणपतीचे मखर करताना आपण गेल्या वर्षीचेच पाते बाहेर काढतो. अजून चालते, असे म्हणतो. वस्तू टाकून देणे आपल्या जिवावर येते, आणि काटकसर हा गुण आहेच. परंतु ओसाकाच्या त्या तरुणानेही काटकसरच केली होती. त्याने पात्याची बचत करताना कामगाराचे बोट आधी मोजले. मोडलेला तुकडा झाकणाच्या डबीत टाकावा आणि नव्या धारेने पुढचा काप घ्यावा. पाते झिजण्यासाठीच असते. हात तसा नाही.