चैत्रांगण : घरच्या शाळेचा जुना वर्ग

चिंचवड, आकुर्डी, भोसरी, चाकण ही नावे उच्चारताच आज डोळ्यांपुढे उभे राहतात ते कारखाने, मालमोटारी आणि पाळीच्या भोंग्याबरोबर ये-जा करणारे कामगार. परंतु पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन होण्यापूर्वी, आणि १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात येऊन येथील माळरानांवर भूखंडांच्या रेषा पडण्यापूर्वी, ही सारी खेडीच होती. चिंचवडची ख्याती पवनेकाठच्या मोरया गोसावींच्या समाधीमुळे होती, तर चाकणची १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाएस्तेखानाच्या फौजेविरुद्ध लढविलेल्या भुईकोटामुळे. अशा गावांत खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरापुढे अंगण असे. आणि त्या अंगणात दरवर्षी वसंत ऋतूत मुलींचा एक वर्ग भरत असे. त्याला वर्ग म्हणावे, असे मात्र त्या काळी कोणासही वाटले नव्हते.

चैत्र शुद्ध तृतीयेस गौर पाळण्यात बसे आणि वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, सुमारे महिनाभर तिचा उत्सव चाले. या दिवसांत दारापुढे जी रांगोळी काढावयाची तिला चैत्रांगण हे नाव आहे. पहाटे सडा घालून जमीन सारवावी, शिरगोळ्याची पूड चिमटीत धरावी आणि एकेक आकृती काढीत जावे, असा क्रम. वर सूर्य व चंद्र. मध्ये मखरात किंवा पाळण्यात गौर. भोवती शंख, चक्र, गदा, पद्म. नाग, कासव, हत्ती, मोर. तुळशीवृंदावन, आंब्याची डहाळी, केळीची झाडे. गोपद्मे, स्वस्तिक, फणी, करंडा, आरसा. आकाशापासून अंगणापर्यंत आणि देवघरापासून फणी-करंड्यापर्यंत मुलीला ठाऊक असलेले सारे जग त्या चौकटीत मावत असे.

या कामात शिक्षण किती होते ते पाहण्यासारखे आहे. अंगठा व तर्जनी यांच्यामधून पूड सारख्या धारेने सोडावयाची म्हणजे बोटांवर ताबा हवा. लेखणी धरणाऱ्या हातासही तोच लागतो. अंगण लहान असेल तर हत्ती केवढा काढावा आणि कासव केवढे, याचा अंदाज आधी बांधावा लागे. उजवीकडे जी केळ, तीच डावीकडे यावी म्हणून नजरेने अंतर मोजावे लागे. शिवाय दुसऱ्या दिवशी सडा पडला की कालचे सर्व पुसले जाई. कालची वाकडी रेघ कोणी जपून ठेवीत नसे, आणि तिच्याबद्दल गुणही कापीत नसे. मुलगी पुन्हा बसे आणि पुन्हा काढी. आई किंवा आजी शेजारी बसून एखादी रेघ ओढून दाखवी, इतकेच.

इटलीतील मादाम मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम येथे आपले पहिले बालगृह उघडले. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून मुलांना बोटे फिरवावयास लावून, लेखनापूर्वी हात तयार करण्याची त्यांची पद्धत पुढे जगभर गाजली. १९३९ साली त्या हिंदुस्थानात आल्या आणि महायुद्धाची वर्षे त्यांनी येथेच काढली. येथील पंतोजींच्या शाळेत मुलगा धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवीत असे आणि घरी त्याची बहीण अंगणात रांगोळी रेखीत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या पद्धतीतील मूळ तत्त्व आपल्या घरांना अगदीच परके नव्हते असे दिसून येईल.

रांगोळीबरोबर इतर धडेही येत. पाडव्याच्या सकाळी कडुलिंबाचा कोवळा पाला व फुले, गूळ, मिरे, ओवा आणि हिंग यांची गोळी मुलांच्या हातावर ठेवली जाई, आणि घरातील वडील मंडळी पंचांग उघडून नव्या संवत्सराचे नाव वाचून दाखवीत. साठ संवत्सरांचे चक्र, बारा महिने, सत्तावीस नक्षत्रे ही मुलांच्या कानी प्रथम पडत ती अशी. ज्या महिन्याची पौर्णिमा चित्रा नक्षत्राच्या आसपास होते तो चैत्र, एवढे कळल्यावर रात्री चंद्राशेजारी चित्रेची चांदणी शोधणे ओघानेच आले. पुढे हळदीकुंकवाच्या दिवशी कैरी उकडून पन्हे होई, भिजविलेल्या हरभऱ्याच्या डाळीत कैरी किसून आंब्याची डाळ होई. घामावाटे पाणी आणि मीठ निघून जाण्याच्या दिवसांत पन्हे का प्यावे, हे वैद्यकाचे पुस्तक न उघडताही मुलांस समजत असे.

तथापि या चित्राची दुसरी बाजू सांगितली नाही तर इतिहासाशी प्रामाणिकपणा राहणार नाही. शंभर आकृती बिनचूक काढणाऱ्या त्या मुलीला बहुधा स्वतःचे नाव लिहिता येत नसे. तिचा हात तयार होई, पण त्या हातात लेखणी दिली जात नसे. हळदीकुंकवाच्या समारंभात विधवेस स्थान नव्हते. म्हणजे अकाली वैधव्य आलेल्या मुलीला हा एवढासा वर्गही बंद होई. ज्यांना गावाबाहेर राहावे लागे, ज्यांच्या झोपडीस अंगणच नव्हते, त्यांच्या मुली या शाळेच्या पटावर कधीच आल्या नाहीत. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, ती ही उणीव ओळखूनच.

घरच्या शिक्षणास अक्षराची जोड मिळाली म्हणजे काय घडते, याची दोन उदाहरणे महाराष्ट्रास सुपरिचित आहेत. १८५८ साली गंगामूळच्या अरण्यात जन्मलेल्या पंडिता रमाबाईंना शाळा ठाऊक नव्हती. त्यांना संस्कृत शिकविले ते आई लक्ष्मीबाईंनी. याच रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. दुसऱ्या रमाबाई म्हणजे रमाबाई रानडे. १८७३ साली विवाह होऊन त्या सासरी आल्या आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांस घरीच शिकविण्यास आरंभ केला. घरातील बायकांचा विरोध सोसून त्या शिकल्या, आणि १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींतून त्यांनी ती हकीकत मराठी वाचकांपुढे ठेवली.

राहिला प्रश्न अंगण नसलेल्यांचा. तो ताराबाई मोडक यांनी हाती घेतला. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम करून त्यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेतला, आणि १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. तेथे त्यांना येऊन मिळाल्या अनुताई वाघ. मोरया गोसावी ज्या मोरगावाहून चिंचवडास आले, त्याच मोरगावी १९१० साली अनुताईंचा जन्म झाला होता. बालपणीच वैधव्य आलेल्या या बाईंनी आपले सारे आयुष्य परक्यांच्या मुलांना वाहिले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच या दोघींनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली आणि तिला ‘अंगणवाडी’ हे नाव दिले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरणारी ती कुरणशाळा. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाने, बिया, शिंपले, खडे हेच तेथील शिक्षणाचे साहित्य. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

शब्द देशभर गेला. पण त्याच काळात पुण्याच्या उत्तरेकडील या गावांतून अंगण नाहीसे होत चालले होते. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली. शेतांच्या जागी वसाहती आल्या, वाड्यांच्या जागी सदनिका आल्या. आता काही कुटुंबे मुलांस शाळेत न घालता घरीच शिकवितात. त्यांच्यापुढे चैत्रात काय शिकवावे हा प्रश्न येतोच. थंड देशांत लिहिलेल्या पुस्तकांत वसंत म्हणजे वितळणारे बर्फ आणि जमिनीतून डोके वर काढणारी फुले. चाकणच्या माळावर या दिवसांत गवत वाळलेले असते, ओढा आटलेला असतो आणि त्याच उन्हात पिंपळाला तांबूस पालवी फुटलेली असते. पुस्तकातले फूल कागदावर कातरून चिकटविणाऱ्या मुलाला दाराबाहेरचा हा वसंत दिसावयाचा राहून जातो.

वास्तविक साहित्य आजही जवळच आहे. सज्जातील दोन फरशांवरही चैत्रांगण मावते. ते मुलीबरोबर मुलानेही काढावे आणि आकृतीखाली तिचे नाव लिहावे. पिंपळाचे एक पान निवडून त्याचा रंग रोज टिपावा. झाडावर दिसेनासा राहून दुपारभर टुक् टुक् करणारा तांबट ऐकावा. गच्चीवर एक काठी उभी करून मध्यान्हीची सावली मोजीत जावे. ती दिवसेंदिवस आखूड होत जाते, आणि मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास पुणे परिसरात एके दिवशी भर दुपारी ती काठीच्या पायाशी नाहीशी होते. सूर्य उत्तरेकडे सरकतो म्हणजे काय, हे त्या दिवशी मुलास वेगळे सांगावे लागत नाही.

जुन्या अंगणात शिकविणाऱ्या बाईला आपण शिकवीत आहोत याची जाणीव नव्हती, आणि शिकणाऱ्या मुलीला पुढचे अक्षर मिळाले नाही. रमाबाईंनी आणि ताराबाई-अनुताईंनी अक्षर घरात आणले, शाळा अंगणात नेली. आज ज्या घरात आईबाप स्वतः मुलांना शिकवितात, तेथे सकाळची वेळ, चिमूटभर रांगोळी आणि अक्षर ही तिन्ही एकत्र आहेत. पूर्वीच्या लेकींना न मिळालेला तो योग या घरांनी वाया जाऊ देऊ नये.