जुळणीचा इतिहास : डीएसएलआर कॅमेरा आणि त्याची बॅटरी ग्रिप

कॅनन आणि निकॉन या दोन प्रमुख जपानी कंपन्यांनी आपले अखेरचे नवे डीएसएलआर कॅमेरे २०२० मध्ये बाजारात आणले. त्यानंतर त्यांचे लक्ष मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळले. तरीही भारतातील महाविद्यालयांत, हौशी खगोलनिरीक्षकांच्या मंडळांत आणि पक्षीअभ्यासकांच्या हाती मध्यम किमतीचे डीएसएलआर आजही आहेत. या कॅमेऱ्यांची काम करण्याची क्षमता वाढवणारे एक साधन म्हणजे बॅटरी ग्रिप. ती कॅमेऱ्याच्या तळाशी बसते, बहुधा दोन बॅटऱ्यांची शक्ती पुरवते आणि उभ्या चौकटीसाठी वेगळे शटर-बटण देते. पण योग्य ग्रिप शोधू लागताच विलक्षण गोंधळ समोर येतो. एकच बॅटरी वापरणाऱ्या दोन कॅमेऱ्यांना वेगवेगळ्या ग्रिप लागतात; उलट, भिन्न वर्गांतील दोन कॅमेऱ्यांना एकच ग्रिप चालते.

ही गरज किती खरी आहे, हे लडाखमधील हानले येथे कळते. सुमारे ४,५०० मीटर उंचीवरील या परिसरात २०२२ मध्ये 'डार्क स्काय रिझर्व्ह' अधिसूचित झाले. तेथे रात्रभर आकाशाची छायाचित्रे घेणाऱ्यास थंडीशी झुंजावे लागते. तापमान उतरले की लिथियम-आयन बॅटरीतील आयनांची हालचाल मंदावते आणि अंतर्गत रोध वाढतो. विद्युतदाब खाली येतो आणि बॅटरीत ऊर्जा शिल्लक असूनही कॅमेरा बंद पडतो. शिवाय बॅटरीचे दार बहुधा तळाशी असल्याने ती बदलताना तिपाईवरचा कॅमेरा हलण्याची भीती असते. ग्रिपमधील बॅटरी मात्र बाजूने बाहेर काढता येते.

या साधनाचे पूर्वज फिल्मच्या काळात सापडतात. निकॉनने १९५९ मध्ये 'एफ' हा कॅमेरा आणला. फिल्म आपोआप पुढे सरकवण्यासाठी त्याला 'एफ३६' ही मोटर ड्राइव्ह जोडता येत असे. मात्र ती विकत घेतली आणि लावली, असे होत नव्हते. कॅमेऱ्याची तळपट्टी बदलावी लागे आणि मोटर त्या विशिष्ट कॅमेऱ्याशी तंत्रज्ञाकडून जुळवून घ्यावी लागे. एका कॅमेऱ्याशी जुळवलेली मोटर त्याच प्रकारच्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर नीट चालेलच, याची शाश्वती नसे. १९७१ च्या 'एफ२' कॅमेऱ्याने ही अडचण दूर केली. त्याची मोटर अशा जुळवणीशिवाय कोणत्याही एफ२ वर बसू लागली. १९८० च्या 'एफ३' सोबत आलेल्या 'एमडी-४' ने आणखी एक पाऊल टाकले. तिच्यातील ८ पेन्सिल सेल मोटर तर फिरवतच, शिवाय कॅमेऱ्याच्या विद्युत मंडलालाही शक्ती पुरवत. आजच्या बॅटरी ग्रिपची कल्पना येथे स्पष्ट दिसते.

डिजिटल युगात फिल्म गेली. विजेची भूक मात्र वाढली. ग्रिपच्या दोन रचना रूढ झाल्या. पहिल्या रचनेत कॅमेऱ्याची बॅटरी काढून, तिचे दार उघडून किंवा विलग करून, ग्रिपचा उंच भाग त्या कप्प्यात सरकवला जातो. कॅननची 'बीजी-ई२' आणि निकॉनची 'एमबी-डी८०' या प्रकारच्या. दुसऱ्या रचनेत कॅमेऱ्यातील बॅटरी जागेवरच राहते आणि तळाच्या रबरी झाकणाखालील संपर्कबिंदूंतून वीज व संदेश वाहतात. निकॉनची 'एमबी-डी१०' या प्रकारची. २००७ चा 'डी३००' आणि २००८ चा 'डी७००' या दोन्हींना ती चालते, जरी पहिल्याचा संवेदक लहान आणि दुसऱ्याचा फिल्मच्या चौकटीएवढा आहे.

याच ग्रिपमध्ये विद्युतदाबाचा एक सुंदर धडा आहे. डी३०० ची नेहमीची बॅटरी ७.४ व्होल्टची, म्हणजे दोन लिथियम-आयन सेलची. तिच्यावर कॅमेरा सेकंदाला ६ छायाचित्रे घेतो. ग्रिपमध्ये ११.१ व्होल्टची, तीन सेलची 'ईएन-ईएल४ए' बॅटरी बसवली की हा वेग ८ वर जातो. मात्र त्यासाठी ग्रिपचे वेगळे झाकण लागते. बॅटरीऐवजी ८ पेन्सिल सेल घातले तरीही ८ चा वेग मिळतो, १.५ व्होल्टचे ८ अल्कलाइन सेल मिळून १२ व्होल्ट देतात. सेल कोणत्या रसायनाचे आहेत, हे मात्र कॅमेऱ्याला मेन्यूतून सांगावे लागते. अल्कलाइन आणि निकेल-मेटल हायड्राइड सेलचा विद्युतदाब वेगवेगळ्या रीतीने उतरतो. चुकीचा पर्याय निवडल्यास उरलेल्या ऊर्जेचा अंदाज चुकतो.

येथेच इतिहासातील खरा विरोधाभास आहे. एए मापाचा पेन्सिल सेल सुमारे १४.५ मिलिमीटर व्यासाचा आणि ५०.५ मिलिमीटर लांबीचा असतो. तो कोणत्याही देशात, कोणत्याही कंपनीचा घेतला तरी बसतो, कारण हे माप आंतरराष्ट्रीय मानकाने बांधलेले आहे. त्या सेलला सामावणाऱ्या ग्रिपसाठी मात्र असे कोणतेही मानक झाले नाही. तिपाईच्या स्क्रूच्या छिद्राची जागा, दिशा धरणारी खुंटी, संपर्कबिंदूंची जागा आणि बॅटरीच्या कप्प्याची खोली हे सारे प्रत्येक कंपनीने प्रत्येक आराखड्यासोबत ठरवले. म्हणून कॅननचे '६०डी' आणि '७०डी' हे दोन्ही कॅमेरे 'एलपी-ई६' बॅटरी वापरतात, पण पहिल्याला 'बीजी-ई९' लागते आणि दुसऱ्याला 'बीजी-ई१४'. नंतरच्या '८०डी' आणि '९०डी' यांना पुन्हा बीजी-ई१४ च चालते. निकॉनच्या 'डी७०००' ला 'एमबी-डी११' हवी, तर 'डी७१००' आणि 'डी७२००' यांना 'एमबी-डी१५'. त्याच मालिकेतील २०१७ च्या 'डी७५००' वर ग्रिपसाठीचे संपर्कबिंदूच ठेवले गेले नाहीत.

त्यामुळे ग्रिप शोधताना बॅटरीच्या नावावर किंवा कॅमेऱ्यांच्या दिसण्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. विश्वासार्ह क्रम असा : कॅमेऱ्याचे पूर्ण नाव पाहावे, त्याच्या माहितीपुस्तिकेतील पूरक साधनांच्या यादीत ग्रिपचा क्रमांक शोधावा, मग बॅटरीचा प्रकार तपासावा. इतर कंपन्यांच्या ग्रिपही याच क्रमांकाशी ताडून घ्याव्यात. त्यांच्यासोबत लिथियम-आयन बॅटरी येत असेल, तर तिच्यावर आयएस १६०४६ या मानकाची भारतीय नोंदणी आहे की नाही, हे पाहणे सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे.

भारतातील धोरणे या प्रश्नाच्या जवळ आली आहेत. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. यूएसबी-सी साठी भारतीय मानकही पुढे आले. युरोपीय संघात तर २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या डिजिटल कॅमेऱ्यांना यूएसबी-सी चार्जिंग बंधनकारक आहे. मात्र हे मानक चार्जरच्या तोंडाशी थांबते. कॅमेऱ्याच्या पोटातील बॅटरी आणि तळाची ग्रिप अजूनही कंपनीच्या मर्जीवर आहेत.

एफ३६ च्या काळात जुळणी तंत्रज्ञाच्या हातात होती. आज ती एका क्रमांकात दडलेली आहे आणि त्या क्रमांकाचे उत्पादन थांबले की जुन्या साठ्यावर किंवा इतर कंपन्यांच्या ग्रिपवर भिस्त ठेवावी लागते. प्रयोगशाळेतील चालता कॅमेरा अडगळीत जाऊ नये असे वाटत असेल, तर खरेदीच्या वेळी छायाचित्राच्या दर्जाइतकाच विचार त्याला पुढील दहा वर्षे वीज कोण पुरवणार, याचाही व्हायला हवा.